चाचण्या अपुऱ्या असताना घरात विलगीकरण कसं करावं

साथ जोरात असते तेव्हा चाचण्या नेमक्या अपुऱ्या पडतात. त्यामुळे ताप, खोकला, घसादुखी सुरू झाली किंवा वास येईनासा झाला, की चाचणीची वाट न पाहता लगेच वेगळ्या खोलीत जावं. कोविड-१९मध्ये लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीच रुग्ण विषाणू पसरवू लागतो. रिपोर्ट येईपर्यंत घरात वावरलं, तर सर्वाधिक संसर्गाचे दिवस घरच्यांमध्येच जातात. (खालचे दिवस आणि आकडे कोविडचे आहेत. नव्या विषाणूसाठी ते वेगळे असतील, पद्धत फारशी बदलत नाही.)

एकाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि त्याच घरात आणखी दोघांना ताप चढला, तर त्या दोघांवर चाचणीचं किट खर्च करू नका. त्यांना पॉझिटिव्हच धरा. किट राखून ठेवा ते ज्यांचे उपचार रिपोर्टवरून बदलतील त्यांच्यासाठी: साठीपुढचे, गरोदर स्त्रिया, मधुमेह किंवा हृदय, फुफ्फुस, मूत्रपिंडाचा आजार असलेले. विषाणूविरोधी गोळ्या लक्षणांच्या पहिल्या ५ दिवसांत सुरू कराव्या लागतात, म्हणून इथे उशीर महागात पडतो.

अँटिजेन किटची (घरी करायच्या झटपट चाचणीची) ‘टी’ म्हणजे निकालाची रेघ फिकट असली तरी निकाल पॉझिटिव्हच. ‘सी’ म्हणजे किट नीट चाललं हे दाखवणारी रेघ उमटली नाही तर ती चाचणी बाद. पाकिटावर दिलेल्या वेळेनंतर उमटलेली रेघ मोजू नये. लक्षणं आहेत आणि निकाल निगेटिव्ह आला, तर सुटलो असं समजू नका. खोलीतच राहून ४८ तासांनी पुन्हा करा. दुसरं किट नसेल तर पॉझिटिव्ह धरूनच चाला.

खोलीचं दार बंद आणि खिडकी उघडी हवी. तरीही खोलीतली हवा घरात येत असेल तर फायदा नाही. दाराखालच्या फटीशी टिश्यू पेपरची पातळ पट्टी धरून बघा. ती खोलीच्या आत ओढली गेली तर ठीक. बाहेर, घराच्या दिशेने फडफडली तर खिडकीत बाहेर तोंड करून पंखा लावा. तेवढ्यानं भागलं नाही तर फट टॉवेलनं बुजवा. साधा स्प्लिट एसी तीच हवा फिरवत राहतो, त्याला वायुवीजन म्हणता येत नाही. ताट दाराबाहेर ठेवावं. आत जावंच लागलं तर दोघांनी मास्क लावायचा, जाणाऱ्यानं शक्यतो एन-९५.

स्नानगृह एकच असेल तर रुग्णानं सगळ्यांच्या शेवटी आणि मास्क लावून जावं. नंतर दार बंद, खिडकी उघडी, एक्झॉस्ट चालू. अर्धा तास कुणी जाऊ नये. नळ, कडी, बटणं पुसायला ५ टक्क्यांचं ब्लीच २० मिलि घेऊन त्यात पाणी घालून १ लिटर करा. संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये ब्लीच कधीच मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

खरं लक्ष हवं श्वासावर. प्रकृती बिघडलीच तर बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवसादरम्यान बिघडते, आणि ऑक्सिजन घसरूनही काहींना दम लागल्याचं जाणवत नाही. म्हणून दिवसातून तीन वेळा बोटाला ऑक्सिमीटर (रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारं यंत्र) लावा. आधी पाच मिनिटं शांत बसा, नेलपॉलिश काढा, हात गार असतील तर चोळून ऊब आणा. आकडा मिनिटभर स्थिर होऊ द्या, मगच लिहा. पडद्यावर दोन आकडे असतात; नाडीचा आकडा ऑक्सिजन म्हणून लिहिला जाणं ही नेहमीची गल्लत. सावळ्या त्वचेवर यंत्र कधीकधी प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवतं, त्यामुळे एका आकड्यापेक्षा उतरता कल जास्त बोलका. ९४च्या खाली गेला तर डॉक्टरांना फोन, ९०च्या खाली गेला तर थेट रुग्णालय. फुफ्फुसाचा जुना आजार असेल तर ही मर्यादा डॉक्टरांकडून आधीच विचारून ठेवा.

ऑक्सिमीटर नसेल तर रुग्ण निवांत असताना, त्याला न सांगता पूर्ण ६० सेकंद श्वास मोजा. सांगितलं की श्वासाची लय बदलते. मोठ्या माणसाचे २४पेक्षा जास्त भरले तर डॉक्टरांना कळवा. छातीत दुखणं, ओठ निळसर होणं, बोलताना वाक्य तुटणं, गुंगी किंवा गोंधळ यांपैकी काहीही दिसलं तर आकडा बघत बसू नका, रुग्णवाहिका बोलवा.

ताप गोळीच्या आधी मोजा. पॅरासिटॅमॉल मोठ्यांना एका वेळी ५०० ते १००० मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतरानं, दिवसभरात ४ ग्रॅमच्या आत. यकृताचा आजार किंवा वजन कमी असेल तर मात्रा डॉक्टरांना विचारून. सर्दीच्या तयार गोळ्यांतही बहुतेकदा पॅरासिटॅमॉलच असतं, तेही हिशेबात धरा. स्टिरॉइड स्वतःहून घेऊ नका. ऑक्सिजन चांगला असताना त्याचा उपयोग नाही, उलट अपाय होऊ शकतो.

लक्षण सुरू झालं तो शून्य दिवस. तिथून १० पूर्ण दिवस झाले, शेवटचे २४ तास गोळीशिवाय ताप नव्हता आणि बाकी त्रास उतरणीला लागला, की बाहेर यायला हरकत नाही. आजार गंभीर झाला असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर मुदत वाढते, ती डॉक्टर ठरवतात. खोकला आणि गेलेला वास आठवडेच्या आठवडे रेंगाळतात, त्यांच्यासाठी अडून राहायची गरज नाही. सुटकेसाठी पुन्हा आरटी-पीसीआर (प्रयोगशाळेतली चाचणी) करू नये: मृत विषाणूचे अंश सापडत राहिल्यानं ती कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. घरच्यांच्या विलगीकरणाचे दिवस मात्र रुग्णाशी झालेल्या शेवटच्या निकट संपर्कापासून मोजायचे. खोली वेगळी करताच आली नसेल, तर रुग्णाचा दहावा दिवस संपल्यावर त्यांचा पहिला दिवस सुरू होतो.