काजूची बाग, पातेरा आणि माकडताप

दोडामार्ग, सावंतवाडी आणि गोव्यातल्या सत्तरीत काजूच्या बागांची बेणणी, म्हणजे झाडांखालची साफसफाई, सुरू झाली, की माकडतापाचे दिवसही सुरू होतात. डिसेंबरपासून मेपर्यंत हा धोका असतो. कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात १९५७ साली सापडलेला हा आजार सत्तरीत २०१५ ला, दोडामार्गात २०१६ ला येऊन पोचला आणि माणसं दगावली.

नाव माकडाचं असलं तरी माणसाला तो होतो गोचिडीमुळे. या दिवसांत तिची पिल्लं तिळाएवढी असतात, पातेऱ्यात, म्हणजे झाडाखाली पडलेल्या सुक्या पानांत, दडलेली. चावली तरी कळत नाही. म्हणून सगळ्यात जास्त सावध राहायचं ते पातेऱ्यापासून. भाजावळीसाठी (पेरणीआधी शेत भाजायला) किंवा गोठ्यात पसरायला जंगलातला पातेरा आणणं या महिन्यांत बंदच ठेवा. भाताचं पेंढं वापरा. पातेऱ्याचा भारा डोक्यावरून घरी आणला, म्हणजे गोचीड स्वतःच्या हाताने गोठ्यात सोडली असं समजा. बी वेचताना दमून पातेऱ्यावर बसणं, आडवं होणं हेही तसंच. एक गोणपाट किंवा ताडपत्री सोबत न्या, तीही घरी आल्यावर उन्हात टाका.

बागेत जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, पायजमा मोज्यांत खोचा, आरोग्य उपकेंद्रातून मिळणारं, गोचीड दूर ठेवणारं डेपा तेल हातापायांना आणि मानेला लावा. बायका वाकून बी वेचतात, त्यांनी पायांची जास्त काळजी घ्यावी. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात भिजवा, साबणाने अंघोळ करा आणि काखा, जांघा, कानामागे नीट बघा. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढा. रॉकेल नको, चटका नको, नखाने चिरडणं तर नकोच.

जंगलात चरून येणाऱ्या गुरांच्या अंगावर गोचीड वाढते. पशुवैद्यकाला विचारूनच गोचीडनाशक लावा. दुभत्या गाईचं दूध किती दिवस घ्यायचं नाही, तेही विचारून घ्या.

माकड मेलेलं दिसलं तर हात लावू नका, पुरू नका, जाळू नका. मेलेल्या माकडाच्या अंगावरून गोचिडी आजूबाजूला पसरतात. वनरक्षकाला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला लगेच कळवा आणि मुलांना, गुरांना तिथे फिरकू देऊ नका.

अचानक थंडी वाजून जोराचा ताप, कपाळ फुटेल अशी डोकेदुखी, कंबर आणि पोटऱ्या दुखणं, कधी नाका-हिरड्यांतून रक्त. असं काही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि आपण काजूत किंवा जंगलात जातो हे डॉक्टरांना आपणहून सांगा. दुकानातून अंगदुखीच्या गोळ्या आणून खाऊ नका. काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो. या तापावर नेमकं औषध नाही, पण वेळेत सलाईन आणि देखरेख मिळाली तर बहुतेक रुग्ण बरे होतात. ताप उतरला तरी लगेच कामाला लागू नका. काहींना आठवड्या-दोन आठवड्यांनी तो पुन्हा येतो, तेव्हा बोलण्यात गोंधळ किंवा हातापायांना कंप दिसला तर थेट मोठ्या रुग्णालयात न्या.