टर्बो बदलण्याआधी एक्झॉस्टची गळती तपासा

डिझेल गाडी ओढत नाही अशी तक्रार घेऊन गेले की पुष्कळदा बॉनेट उघडण्याआधीच ‘टर्बो गेला’ असा निकाल ऐकू येतो आणि मालक मोठ्या खर्चाच्या तयारीला लागतो. टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा भाग. वास्तविक त्याचे टर्बाइन, म्हणजे पात्यांचे चाक, इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूवर फिरते. तो वायू मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांतला वायू एकत्र करून टर्बोकडे नेणाऱ्या नळ्यांच्या) सांध्यातूनच निसटत असेल, तर टर्बो धडधाकट असूनही हवेचा पुरेसा दाब तयार होत नाही. त्यामुळे गळती टर्बोच्या अलीकडे (इंजिनाच्या बाजूला) आहे की पलीकडे (सायलेन्सरच्या बाजूला), हे आधी ठरवावे.

अलीकडच्या गळतीत पिकअप उशिरा मिळतो आणि चढावर काळा धूर येतो. पलीकडे गळती असल्यास ताकद फारशी घटत नाही, आवाज आणि वास मात्र वाढतो. तिच्याकडेही दुर्लक्ष करू नये, कारण एक्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा रंग वा वास नसतो आणि तो गाडीच्या आत शिरू शकतो. याच कारणासाठी पुढील तपासणी उघड्यावरच करावी.

रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करून कान द्यावा. इंजिनाच्या वेगाबरोबर वाढणारी टिकटिक ऐकू येत असेल आणि धातू तापून प्रसरण पावल्यावर ती मंदावत असेल, तर संशय मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर (सांधा बंद ठेवणाऱ्या पातळ पट्टीवर) किंवा तुटलेल्या स्टडवर (नट बसतो त्या आट्यांच्या दांड्यावर) घ्यावा. इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरच्या आवाजाशी गल्लत होऊ नये म्हणून रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे सांध्यांजवळून फिरवावे. पंखा आणि बेल्ट यांपासून हात दूर ठेवावा. इंजिन बंद करून थंड झाल्यावर उष्णतारोधक पत्रा काढून बॅटरीच्या उजेडात सांधे न्याहाळावेत. गंजलेल्या लोखंडावर सांध्यापासून पंख्यासारखी पसरत गेलेली काजळी दिसली आणि ती बोटाला लागली, तर जागा सापडली. तरीही शंका उरल्यास थंड इंजिनावर सायलेन्सरच्या तोंडातून ब्लोअरने हवा भरावी आणि सांध्यांवर साबणाचे पाणी शिंपडावे. गळतीच्या जागी बुडबुडे येतात. फक्त अॅक्सिलरेटर दाबल्यावर सूंऽऽ असा आवाज येत असेल, तर आधी इंटरकूलरचे (टर्बोतून येणारी हवा थंड करणाऱ्या भागाचे) होज तपासावेत. तो दोष वेगळा आहे.

दुरुस्तीत सर्वाधिक धीर लागतो तो नट सोडवताना. आदल्या रात्री गंज सैल करणारा स्प्रे मारावा आणि नट अडला तर जोर न लावता थोडा मागे, थोडा पुढे असा फिरवावा. मॅनिफोल्ड लांबीत प्रसरण पावत असल्याने टोकांचे स्टड बहुधा आधी तुटतात. तुटलेला तुकडा बाहेर डोकावत असेल तर त्यावर नट वेल्ड करून काढता येतो. आतच राहिला असेल तर ड्रिलचा प्रयोग स्वतः न करता इंजिनचे काम करणाऱ्या वर्कशॉपकडे जावे, कारण अॅल्युमिनियमच्या हेडमधले (मॅनिफोल्ड ज्याला जोडलेला असतो त्या इंजिनाच्या वरच्या भागातले) आटे एकदा बिघडले की काम फार वाढते.

जुने गॅस्केट खरवडताना हेडवर ओरखडा पडू देऊ नये. मॅनिफोल्डवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांच्या मापकाने) वाक तपासावा; वाक मर्यादेबाहेर असल्यास पृष्ठभाग मशीनवर सपाट करून घ्यावा, नाहीतर नवे गॅस्केटही लवकरच उडेल. तडा गेलेल्या बिडाच्या मॅनिफोल्डला वेल्डिंग क्वचितच टिकते, तो बदलणेच शहाणपणाचे. गॅस्केट, स्टड आणि नट नवे वापरावेत. सिलिकॉन अजिबात लावू नये; ते जळते आणि त्याचे तुकडे टर्बाइनमध्ये जाऊ शकतात. नट मधल्यापासून टोकांकडे, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधील आकड्याइतकेच आवळावेत.

टर्बो उतरवला असेल तर ऑइल लाइनचे तांब्याचे वॉशर नवे घालावेत आणि इंजिन सुरू करण्यापूर्वी टर्बोच्या ऑइलच्या तोंडात स्वच्छ ऑइल ओतावे; कोरड्या बेअरिंगला पहिले काही सेकंदही महागात पडू शकतात. शेवटी सांधा पुसून स्वच्छ करावा, आठवडाभर गाडी चालवून पुन्हा थंड सकाळी टिकटिक ऐकावी आणि त्याच जागी बोट फिरवून काजळी लागते का ते पाहावे.