लेकरं प्रभूच्या हाती सोपवताना या चुका टाळा

पावसाळा लागला की कळव्यापासून नेरूळपर्यंत ख्रिस्ती मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप हमखास फिरतो: 'बाळाला तीन दिवस ताप आहे, प्रार्थना करा.' खाली पन्नास 'आमेन'. चौथ्या दिवशी ताप उतरतो, 'प्रभूची स्तुती असो' येतं आणि रक्त तपासायचं राहूनच जातं. डेंग्यू असेल तर खरा धोका इथेच सुरू होतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरत असतानाच रक्तातला द्रव वाहिन्यांबाहेर झिरपतो आणि रक्तदाब ढासळू शकतो. पोटात जोरात दुखणं, उलट्या न थांबणं, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणं, मूल मलूल पडणं किंवा उगाच तळमळणं: यातलं एक जरी दिसलं तरी लगेच हॉस्पिटल गाठा. प्रार्थना रिक्षात करा. तापाला फक्त पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी वजनावरून ठरवलेलं. आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन घरच्या डब्यातून काढून देऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 फॅरनहाइट ताप भरला तर सकाळ उजाडायची वाटही बघायची नाही.

'मग विश्वास कुठे गेला?' असं विचारणारे एखादे काका असतातच. त्यांच्यापुढे बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 38वा अध्याय उघडा. मरणाला टेकलेल्या हिज्कीया राजाला आणखी 15 वर्षं मिळतील असं देवाने सांगितलेलं होतं, तरी 21व्या ओवीत यशया गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगतोच. मोशेच्या आईनेही, मुलगे मारायचा मिसरच्या राजाचा हुकूम असताना, आधी 3 महिने बाळ लपवलं, लव्हाळ्यांच्या पेटाऱ्याला डांबर आणि राळ चोपडली, मगच तो नदीकाठी ठेवला, आणि बहीण लांबून लक्ष ठेवून होती. हल्ली डांबर न लावताच पेटारा पाण्यात ढकलायची घाई फार.

दुसरी चूक घरातल्या प्रार्थनेत टोमणे मारण्याची. रात्रीचे साडेनऊ, ऐरोलीतला वन बीएचके. आई डोळे मिटून म्हणते, 'प्रभू, याच्या हातातला मोबाइल सुटू दे, समोरच्यांच्या मुलीसारखी याला बुद्धी दे.' बाबांचं मध्येच 'होय प्रभू'. पोरगा एक डोळा उघडून घड्याळ बघतो. त्याच्या लेखी देव म्हणजे आईने बोलावून आणलेला हवालदार. मग रोज प्रार्थनेच्या वेळेलाच त्याचं डोकं दुखू लागतं.

तक्रारी एकट्याने, दार लावून सांगाव्यात. बायबलमधला ईयोब पहाटे उठून एकेका मुलासाठी होमार्पण करायचा, त्यांच्या मेजवानीत जाऊन प्रवचन झोडत नव्हता. मुलांसमोर पाच मिनिटं पुरतात: त्याच्याबद्दल एक आभार, त्याला काय हवंय ते त्याच्याच शब्दांत, आणि दिवसभरात आपण ओरडलो असू तर त्याची माफी. माफी आधी. ती टाळून बाकीचं कितीही लांबवलं तरी पोरं ऐकत नाहीत.

एक वही ठेवा, पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे तारीख आणि मागणी, उजवीकडे 'माझं काम'. डावीकडे 'बारावीचा पेपर नीट जावो' असेल तर उजवीकडे 'हॉल तिकिटाच्या दोन प्रती, ठाण्याहून वाशीची गाडी तासभर आधीची'. उजवी बाजू कोरी राहू लागली की आपण नुसते आमेन म्हणतोय.

बाकीच्या थोडक्यात. 'मुलाला योग्य मार्गाचं वळण लाव, म्हातारपणीही तो तो सोडणार नाही' (नीतिसूत्रे 22:6) हे नीतिसूत्र आहे, हमीपत्र नव्हे. 'प्रभूवर सोपवलंय' म्हणत क्लासला गेलेल्या मुलीचं लोकेशन दर पाच मिनिटांनी बघू नका, 'पोचले' एवढा मेसेज पुरे. बायबलमधल्या एली याजकाने वाईट वागणाऱ्या आपल्या मुलांना नुसतं बोलून सोडलं, आवरलं नाही. मंडळीतल्याच कुणी अंगाला हात लावला असं लेकराने सांगितलं तर 'प्रभू बघून घेईल' म्हणायचं नाही. 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन लावा, पोलिसांत जा. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या 2012च्या पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे.

आणि 'नीटला सीट मिळू दे, मंडळीला चार पंखे देईन' हा सौदा झाला. त्यासाठी मूल होत नव्हतं म्हणून देवाला नवस बोललेल्या, बायबलमधल्या हन्नाचं उदाहरण पुढे करणारे विसरतात की तिने मागून मिळालेलं लेकरूच शिलोच्या मंदिरात देऊन टाकलं. नंतर ती दर वर्षी त्याच्यासाठी लहानसा झगा शिवून न्यायची. मापं अंदाजानेच घेत असणार.