कोल्हापूरच्या फाउंड्री क्लस्टरने जर्मन क्लस्टरशी सहकार्य कसे उभारावे

शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत या पट्ट्यात ओतलेले लोखंड आजही परदेशात जाते. पण बहुधा ते एखाद्या मोठ्या कंपनीच्या ट्रॅक्टरमध्ये किंवा पंपात बसून जाते आणि ओतणाऱ्या लहान फाउंड्रीचे नाव वाटेतच गळून पडते. थेट निर्यात करू पाहणाऱ्या फाउंड्रीचे अडते ते दर्जापाशीच असे नाही. युरोपातील खरेदीदाराला कास्टिंग (ओतीव भाग), मशीनिंग, चाचणी अहवाल आणि एक भट्टी बंद पडली तर दुसरी भट्टी, हे सारे एकाच ठिकाणी हवे असते. महिन्याला पन्नास टन ओतणाऱ्या उद्योजकाला ते एकट्याने जमत नाही, क्लस्टरला, म्हणजे एका भागातील अशा उद्योगांच्या समूहाला, जमते. उद्योजक संघटनांच्या पदाधिकाऱ्यांनी या कामाला कोठून हात घालावा, ते पुढे दिले आहे.

सामंजस्य करार सर्वांत शेवटी करावा. करारावर सह्या झाल्या, छायाचित्रे निघाली आणि पुढे पत्रव्यवहारच थांबला, असे आपल्याकडे वारंवार घडते; याचे कारण करारामागे दाखवण्यासारखे काही तयार नसते. म्हणून आधी सहभागी होऊ इच्छिणाऱ्या दहा-बारा कारखान्यांची क्षमता-सूची करावी. ‘सर्व प्रकारची कास्टिंग’ असे त्यात लिहू नये. भट्टी किती किलोची, मोल्डिंग (साचा करण्याची पद्धत) ग्रीन सँड, शेल की नो-बेक, किमान आणि कमाल वजन किती, मशीनिंग स्वतःकडे की बाहेर, गेल्या सहा महिन्यांचे रिजेक्शन (नाकारलेला माल) किती टक्के, हे खरेखुरे लिहावे. धातूची श्रेणी युरोपातील खरेदीदाराच्या भाषेत द्यावी: आपण ज्या ओतीव लोखंडाला एफजी २६० म्हणतो, त्याच्या जवळची त्यांची श्रेणी ईएन-जीजेएल-२५० आहे. दोन्हींतील आकडा ताणशक्तीचा असला, तरी मानके वेगळी आहेत; त्यामुळे ‘सारखेच आहे’ असे तोंडी सांगून भागत नाही, चाचणी-तुकड्याचा अहवाल जोडावाच लागतो.

पुढचा प्रश्न समोरचा क्लस्टर कोणता निवडावा हा आहे आणि येथे पहिली निवड बहुधा चुकते. फाउंड्रीवाल्यांनी फाउंड्रीवाल्यांकडेच जाणे स्वाभाविक वाटते, परंतु तेथील फाउंड्री ही आपली स्पर्धक असते. कास्टिंग वापरणाऱ्या पंप, हायड्रॉलिक्स किंवा यंत्रनिर्मितीच्या क्लस्टरकडे जावे, असे माझे मत आहे. शोधासाठी युरोपियन क्लस्टर कोलॅबोरेशन प्लॅटफॉर्मवरील क्लस्टर संस्थांची माहिती उपयोगी पडते. संस्थेला व्यवस्थापनाचे कांस्य, रौप्य वा सुवर्ण मानांकन आहे का, हेही पाहावे. बाडेन-व्युर्टेम्बर्ग हे राज्य यासाठी सोयीचे आहे, कारण महाराष्ट्राशी त्याची भागीदारी २०१५ पासून आहे आणि मुंबई व श्टुटगार्ट ही तर १९६८ पासून भगिनी शहरे आहेत. एक गोष्ट आधीच मान्य करावी: तेथे क्लस्टर व्यवस्थापक हा पगारी, पूर्णवेळ माणूस असतो, आणि आपल्याकडे मानद सचिव स्वतःची भट्टी सांभाळून रात्री पत्रे लिहितो. वर्गणी काढून का होईना, एक पगारी समन्वयक नेमल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये.

पहिले काम लहान असावे. समजा, तिकडच्या एका पंपनिर्मात्याने बारा किलोच्या केसिंगचे (पंपाच्या बाहेरील कवचाचे) ड्रॉइंग पाठवले. समन्वयकाने ते तीन फाउंड्र्यांसमोर ठेवावे, कोअर (आतली पोकळी घडवणारा साच्यातील भाग) कोठे बसतो आणि मशीनिंगसाठी किती मटेरियल ठेवावे यावर पॅटर्न (ज्यावरून साचा घडवतात तो नमुना) बनवणाऱ्या पॅटर्नमेकरसह एकत्र बसून शंका काढाव्यात आणि त्या एकाच पत्रातून कळवाव्यात. पॅटर्नचे पैसे कोण देणार आणि पॅटर्न कोणाच्या मालकीचा राहणार, हे लिहून घ्यावे. नंतरचे वाद येथूनच सुरू होतात. पाच नमुने ओतून प्रत्येक मोजमापाचा अहवाल सोबत पाठवावा. समुद्रमार्गे जाणारा माल गंज-रोधक व्हीसीआय पिशवीत बांधावा आणि लाकडी पेटीवर आयएसपीएम १५ चा (लाकडावर कीडनाशक प्रक्रिया झाल्याचे दाखवणारा) शिक्का असल्याची खात्री करावी, कारण शिक्का नसेल तर उत्तम कास्टिंगसुद्धा बंदरात अडकते.

दराबाबत सावध राहावे. सभासदांनी एकत्र बसून आपापले दर परस्परांत ठरवले, तर स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ३ खाली ते अडचणीचे ठरू शकते. सामायिक सुविधा केंद्रासाठी स्थापन केलेली कंपनी असेल, तर तिनेच ग्राहकाशी करार करून काम सभासदांकडून करून घ्यावे. तरीही मसुदा वकिलाला दाखवावा. आयात-निर्यात कोड त्याच कंपनीच्या नावाने काढावा आणि पैसे बुडण्याच्या जोखमीसाठी ईसीजीसी या सरकारी निर्यात-विमा कंपनीचा विमा पहिल्या खेपेपासूनच घ्यावा.

आयात माल बनवताना झालेल्या कार्बन उत्सर्जनाचा खर्च वसूल करणारी युरोपीय संघाची कार्बन सीमा यंत्रणा, म्हणजे सीबॅम, १ ऑक्टोबर २०२३ पासून अहवालापुरती आणि १ जानेवारी २०२६ पासून आर्थिक जबाबदारीसह लागू झाली. तिच्या मूळ यादीत एचएस कोड (मालाच्या वर्गीकरणाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) ७३०७ खालील पाइप फिटिंग आणि ७३१८ खालील नट-बोल्ट आहेत, ८४१३ खालील पंपाचे सुटे भाग नाहीत. म्हणून दर देण्यापूर्वी एचएस कोड पक्का करावा आणि यादीतील बदलांवर लक्ष ठेवावे. वर्षाला एकूण ५० टनांपर्यंत असा माल आणणाऱ्या आयातदाराला सूट आहे, तरी टनामागे किती युनिट वीज लागली याची नोंद आजपासूनच ठेवावी. हे मोजमाप क्लस्टरने एकत्र करून घेतले, तर खर्च वाटला जातो.

प्रवासखर्चासाठी केंद्रीय सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाच्या आंतरराष्ट्रीय सहकार्य योजनेतून उद्योग संघटनांना साहाय्य मिळते. ड्युसेलडॉर्फचे गिफा हे फाउंड्री उद्योगाचे प्रदर्शन चार वर्षांतून एकदा भरते. २०२३ नंतरचे २०२७ मध्ये आहे, त्यामुळे नमुन्यांची फेरी त्याआधी पूर्ण व्हावी. परत आल्यावर आठवड्यातून एक दूरध्वनी ठरलेल्या वेळी व्हावा: हिवाळ्यात आपल्याकडे दुपारचा दीड वाजतो तेव्हा तिकडे सकाळचे नऊ वाजलेले असतात, उन्हाळ्यात तीच वेळ आपल्या साडेबाराला येते.