बर्नआउट झालाय? वेलनेसचा फॉर्म भरायच्या आधी हे विचारा

इंदूरच्या रेसिडेंट डॉक्टर मंडळींनो, नाइट करून छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत गेलात आणि समोरचे पोहेसुद्धा घशाखाली उतरेनात, तर मदत घ्याच, पण हॉस्पिटलच्या वेलनेस प्रोग्रामवर सही करायच्या आधी विचारा, काउन्सेलरच्या नोट्स कोण बघतं? एचआर बघत असेल तर सरळ बाहेरचा सायकियाट्रिस्ट गाठा. मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्ट 2017 चं कलम 23 मानसिक आजारावर इलाज करणाऱ्याला गुप्तता पाळायला लावतं, फक्त कोर्टाचा आदेश, कुणाच्या जिवाला धोका असे अपवाद आहेत बरं का. एचआरवाले काही इलाज करत नाहीत, म्हणून नोट्स बघणार नाही हे त्यांच्याकडून लेखीच घ्या, तोंडी म्हणजे बोलाचीच कढी. रात्री 3 ला फारच जड झालं तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, 14416, फुकट आहे.