माइंडफुल ईटिंग प्रश्नावली मराठीत आणताना

खाताना माणूस भूक, चव आणि तृप्ती यांची कितपत जाणीव ठेवतो, हे मोजण्यासाठी सेलिया फ्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत ‘माइंडफुल ईटिंग क्वेश्चनेअर’ तयार केली आणि ती २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात २८ विधाने असून ती अनावर खाणे, जाणीव, बाह्य प्रलोभने, भावनिक प्रतिसाद आणि विचलित लक्ष अशा पाच उपमापन्यांत, म्हणजे स्वतंत्र गुणांक देणाऱ्या गटांत, विभागलेली आहेत. प्रत्येक विधानाला उत्तराचे चार पर्याय आहेत. ही प्रश्नावली मराठीत आणू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने किंवा आहारतज्ज्ञाने भाषांतराला हात घालण्यापूर्वी, मूळ विधानांत कोणाचे आणि कसे जेवण गृहीत धरले आहे, ते नीट ओळखावे.

प्रक्रियेचा सांगाडा ठरलेला आहे. मूळ लेखकांची लेखी परवानगी आणि संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी घ्यावी. त्यानंतर बीटन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये मांडलेली पद्धत वापरता येते: मराठी मातृभाषा असलेल्या दोघांनी स्वतंत्र भाषांतरे करावीत, त्यांपैकी एकाला विषयाची माहिती असावी आणि दुसऱ्याला नसावी, दोन्ही भाषांतरांचा मेळ घालून एक मसुदा बनवावा, मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या दोघांकडून त्याचे इंग्रजीत उलट भाषांतर करून घ्यावे आणि मग सर्व मसुदे तज्ज्ञ समितीपुढे ठेवावेत. उलट भाषांतर मूळ विधानाशी तंतोतंत जुळले म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण शब्दशः आणि कृत्रिम मराठीचेही उलट भाषांतर उत्तम जुळते.

समितीचा खरा वेळ प्रसंगांवर खर्च व्हावा. मूळ विधानांत हवे तितके खाता येणारा बुफे आहे, चित्रपटगृहातील पॉपकॉर्न आहे, थोडे जास्त पैसे देऊन मोठा आकार घेणे आहे. पुण्या-मुंबईच्या नोकरदाराला हे ओळखीचे वाटेल. मराठवाड्यातील शेतकरी कुटुंबातील स्त्री मात्र अशा विधानांना ‘कधीच नाही’ असे उत्तर देईल आणि केवळ प्रसंग न आल्यामुळे बुफे आणि मोठ्या आकाराच्या विधानांत तिचा गुणांक चांगला दिसेल, तर प्रलोभन लक्षात येते का असे विचारणाऱ्या पॉपकॉर्नच्या विधानात तो कमी दिसेल. अशा ठिकाणी प्रसंग बदलावा, पण विधानाचे काम तेच राहू द्यावे. बुफेऐवजी लग्नातील पंगत घेणे सोपे वाटते, तरी पंगतीत वाढपी आणि यजमान आग्रह करतात. तेथे जास्त खाणे म्हणजे प्रलोभनाला बळी पडणे नसून अनेकदा नकार देता न येणे असते. जत्रेतील खाऊच्या गाड्या हा त्यापेक्षा जवळचा पर्याय ठरू शकेल.

उरलेल्या अन्नाविषयीचे विधान सर्वांत अवघड आहे. पोट भरलेले असूनही आवडता पदार्थ उरला म्हणून पुन्हा घेणे, हे मूळ प्रश्नावलीत अनावरपणाचे लक्षण आहे. आपल्याकडे पानात टाकू नये ही शिकवण पक्की असते आणि सर्वांत शेवटी जेवणारी गृहिणी उरलेली भाजी वाया जाऊ नये म्हणून संपवते. म्हणून विधानात आवडीचा उल्लेख ठळक ठेवावा. काटकसर आणि आग्रह यांविषयी विचारायचेच असेल, तर ते प्रश्न शेवटी वेगळे द्यावेत आणि मूळ गुणांकात मिसळू नयेत. श्रावण, नवरात्र किंवा रमजानच्या काळात माहिती गोळा करणेही टाळलेले बरे, कारण त्या दिवसांत खाण्याच्या वेळा आणि पदार्थ नेहमीचे नसतात.

क्रियापदाच्या लिंगाचा प्रश्न मराठीत चुकत नाही. ‘खातो/खाते’ अशा तिरप्या रेघा टाळण्यासाठी काही जण ‘माझ्याकडून जास्त खाल्ले जाते’ अशी रचना करतात. परंतु त्यामुळे स्वतः केलेली कृती आपोआप घडणारी गोष्ट बनते, आणि अनावरपणा मोजणाऱ्या उपमापनीत नेमका हाच फरक महत्त्वाचा असतो. स्त्रिया आणि पुरुष यांच्यासाठी दोन छापील प्रती काढाव्यात. खर्च किरकोळ आहे.

मसुदा लोकांना समजतो का, हे पाहणाऱ्या पूर्वचाचणीसाठी ३० ते ४० व्यक्ती घ्याव्यात आणि त्यांत वेगवेगळ्या शिक्षणाच्या, वऱ्हाड आणि कोकणासह निरनिराळ्या भागांतील लोक असावेत. ‘समजले का?’ असे विचारल्यास सगळे होच म्हणतात; त्याऐवजी विधान स्वतःच्या शब्दांत सांगायला लावावे आणि उत्तर देताना कोणते जेवण डोळ्यांपुढे आले, ते विचारावे. जेवणापूर्वी श्लोक म्हणणाऱ्या घरांतील लोक अन्नाचा रंग-गंध अनुभवण्याच्या विधानाला आदरापोटी होकार देण्याची शक्यता असते, तेव्हा तेथे शेवटच्या जेवणाचा तपशील विचारून पाहावा.

सांख्यिकीय तपासणीसाठी दर विधानामागे ५ ते १० व्यक्ती हा प्रचलित ठोकताळा धरल्यास १४० ते २८० जण लागतात. हा नमुना पूर्वचाचणीपेक्षा वेगळा असावा. ज्यांना होकार म्हणजे जाणीव कमी, अशा उलट गुणांकनाच्या विधानांचे गुण आधी फिरवून घ्यावेत, पाच उपमापन्यांशी जुळणारी पाच घटकांची रचना मराठी उत्तरांतही टिकते का, हे पुष्टीकारक घटक विश्लेषणाने तपासावे आणि विधाने एकमेकांशी किती सुसंगत आहेत हे सांगणारा क्रोनबाखचा अल्फा प्रत्येक उपमापनीसाठी स्वतंत्रपणे द्यावा. उत्तरे स्थिर राहतात का, हे पाहण्यासाठी साधारण दोन आठवड्यांनी काही जणांकडून प्रश्नावली पुन्हा भरून घ्यावी. एखादा घटक जुळला नाही, तर विधान गाळण्याआधी पूर्वचाचणीच्या नोंदी उघडून त्या विधानाखाली लोकांनी काय सांगितले होते, ते वाचावे. दोन्ही भाषांतील मापन समतुल्य असल्याचे, म्हणजे सारख्या गुणांकाचा अर्थ दोन्हीकडे सारखाच असल्याचे, सिद्ध होईपर्यंत मराठी गुणांकांची अमेरिकन सरासरीशी तुलना करू नये.