चिनी वर्षाचा प्राणी कसा काढावा, आणि काढल्यावर त्याचं काय करावं

दर वर्षी जानेवारी उलटता उलटता कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक रंगीत तक्ता येऊन पडतो. बारा प्राणी आणि प्रत्येकाखाली सन. त्या तक्त्याच्या भरवशावर माझी एक मामेबहीण कित्येक वर्षं स्वतःला घोडा समजत होती. तिचा जन्म १५ जानेवारी १९९० चा. प्रत्यक्षात ती साप आहे. हे सांगितल्यावर तिने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. पण चूक तक्त्याची होती, आणि पंचांग पाहणाऱ्या घरात ती सहज पकडता आली असती.

आधी ‘राशी’ हा शब्द बाजूला ठेवा

‘चिनी राशी’ म्हटलं की डोक्यात मेष-वृषभ येतात आणि तिथेच घोळ होतो. आपली राशी म्हणजे जन्मवेळी चंद्र कुठे होता ते. सव्वादोन दिवसांत ती बदलते. चिनी प्राणी हे वर्षाचं नाव आहे. शाळेतला अख्खा वर्ग बहुतेक एकाच प्राण्याचा असतो. आपल्याकडे याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे संवत्सर. गुढीपाडव्याला पंचांगात प्रभव, विभव, शुक्ल अशी साठ नावं ओळीने येतात, तशीच चिनी वर्षंही साठांच्या चक्रात फिरतात. त्यांचं चालू चक्र १९८४ मध्ये सुरू झालं, आपलं १९८७ च्या पाडव्याला. तीनच वर्षांचं अंतर.

बाराचा आकडाही ओळखीचा आहे. गुरू ग्रह सूर्याभोवती साधारण बारा वर्षांत फिरतो, म्हणून नाशिकला बारा वर्षांनी सिंहस्थ भरतो. चिनी भाषेत गुरूचं जुनं नावच मुळी ‘सुईशिंग’, म्हणजे वर्षतारा. त्यांनी आकाशाचे बारा भाग केले, ते गुरूच्या चालीवरून वर्षं मोजायला वापरले.

प्राणी त्यावर कधी चढले? स्वर्गाचा राजा जेड सम्राट याने प्राण्यांची शर्यत लावली, उंदीर बैलाच्या पाठीवर बसून आला आणि पहिला ठरला, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. मला त्याहून गमतीदार वाटतो तो १९७५ साली हूपेइ प्रांतात शुईहूदी इथल्या थडग्यात सापडलेला बांबूच्या पट्ट्यांवरचा मजकूर. थडगं इसवी सनपूर्व २१७ च्या सुमाराचं. त्यात हे प्राणी भविष्य सांगायला नाहीत, चोर ओळखायला आहेत! चोरी उंदराच्या दिवशी झाली असेल तर चोर टोकदार तोंडाचा, विरळ मिशांचा. यादीही अजून पक्की झालेली नव्हती. आज जिथे घोडा आहे तिथे तेव्हा हरीण होतं.

सनाला बाराने भागा

इसवी सन घ्या, बाराने भागा आणि बाकी पाहा. शून्य उरलं तर माकड. १ कोंबडा, २ कुत्रा, ३ डुक्कर, ४ उंदीर, ५ बैल, ६ वाघ, ७ ससा, ८ ड्रॅगन, ९ साप, १० घोडा, ११ शेळी. शेळीला कोणी मेंढी म्हणेल. मूळ चिनी शब्दात दोन्ही येतात, त्यावर वाद घालू नका.

जन्म १२ मार्च १९८७ चा असेल तर १९८७ भागिले १२, बाकी ७, म्हणजे ससा. झालं.

जानेवारी-फेब्रुवारीचा जन्म असेल तर थांबा

बहिणीची गाडी घसरली ती इथे. चिनी वर्ष १ जानेवारीला सुरू होत नाही. ते २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी यांच्या दरम्यान एका अमावास्येला उघडतं. १९९० मध्ये ते २७ जानेवारीला उघडलं, त्यामुळे १५ जानेवारीचा जन्म आदल्या वर्षाच्या खात्यात. १९८९ भागिले १२, बाकी ९, साप.

तारीख लक्षात ठेवायची नसेल तर भिंतीवरचं कालनिर्णय उघडा आणि या मुदतीतली अमावास्या शोधा. ती बहुधा पौषातली असते, कधी माघातली. २०२५ मध्ये २९ जानेवारी, २०२६ मध्ये १७ फेब्रुवारी. वेळेच्या फरकामुळे एखादा दिवस मागेपुढे होतो: २०२४ मध्ये आपली अमावास्या ९ फेब्रुवारीला होती, त्यांचं नवं वर्ष १० ला लागलं. या मुदतीत क्वचित दोन अमावास्या येतात, तेव्हा मात्र चिनी तारखांचा तक्ता पाहायलाच हवा.

ही तारीख दर वर्षी का सरकते, हे मराठी माणसाला शिकवावं लागू नये. त्यांच्याकडेही महिना चंद्राचा आणि ऋतू सूर्याचा, म्हणून मेळ घालायला अधिक महिना. नियमही भावंडासारखा: ज्या महिन्यात आपल्याकडे संक्रांत येत नाही तो अधिक, त्यांच्याकडे ज्यात सूर्याचा तसा ठरलेला टप्पा येत नाही तो अधिक. त्यांची मोजणी सायन, म्हणजे ऋतूंशी बांधलेली असल्याने महिना वेगळा पडतो, इतकंच. २०२३ मध्ये आपला अधिक श्रावण होता, त्यांचा दुसरा महिना अधिक होता.

आणखी एक पोटभेद आहे. चिनी ज्योतिषी पत्रिका मांडताना वर्ष बहुधा अमावास्येपासून धरत नाहीत, ४ फेब्रुवारीच्या आसपासच्या ‘लीचुन’पासून, म्हणजे त्यांच्या वसंतारंभापासून धरतात. सणाला आणि गप्पांना मात्र अमावास्याच चालते. वर्षारंभ मागेपुढे झाला की एखाद्या चांद्रवर्षात लीचुन येतच नाही. २०२४ चं ड्रॅगनवर्ष तसं होतं. अशा वर्षाला ‘विधवेचं वर्ष’ म्हणून लग्नं टाळणारे लोक आहेत. सिंहस्थात लग्न नको म्हणणारी आजी आपल्याही घरात असतेच.

शेवटच्या आकड्यावरून तत्त्व

प्राण्याबरोबर प्रत्येक वर्षाला पाचांपैकी एक तत्त्वही असतं. सनाचा शेवटचा आकडा ० किंवा १ असेल तर धातू, २-३ पाणी, ४-५ लाकूड, ६-७ अग्नी, ८-९ माती. सम असेल तर यांग, विषम असेल तर यिन, म्हणजे चिनी विचारातल्या परस्परपूरक जोडीची दोन अंगं. (चिनी नववर्षाच्या आधीच्या जानेवारी-फेब्रुवारीतल्या जन्माला इथेही आदलं सन धरा.) आपल्या पंचमहाभूतांशी याची गल्लत करू नका, यात वायू नाही आणि आकाशही नाही. लाकडाने आग पेटते, आगीतून राख म्हणजे माती उरते, असा हा बदलत्या अवस्थांचा क्रम आहे. म्हणून १९८७ चा जन्म असलेला नुसता ससा नाही, अग्निससा आहे आणि तो साठ वर्षांनीच परत येतो.

आपलं वर्ष आलं तर खूश होऊ नका

तक्ता पाठवणारे इथे हमखास चुकतात. ‘यंदा घोड्याचं वर्ष, घोड्यांची चांदी!’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. चिनी समजूत नेमकी उलट आहे. आपलाच प्राणी परत आला, म्हणजे वयाच्या बाराव्या, चोविसाव्या, छत्तिसाव्या वर्षी, की ते ‘बनमिंगन्यान’, म्हणजे जपून राहायचं वर्ष. त्या वर्षाचा अधिपती थाय सुई नाराज होतो असं मानतात. आपली साडेसाती आठवा, फक्त ही एका वर्षात आटोपते. उपाय तेल-उडीद नाही, लाल रंग. लाल पट्टा, लाल मोजे, मनगटात लाल दोरा, आणि हमखास खपतात ती लाल अंतर्वस्त्रं. आई-मावशीने आणून दिलेली असली तर उत्तम. बीजिंगच्या बाययुन या ताओ मंदिरात साठ वर्षांच्या साठ थाय सुईंच्या मूर्ती एका दालनात आहेत. लोक आपल्या जन्मवर्षाची मूर्ती शोधून तिथे हात जोडतात.

जुळवाजुळवीचं गणितही बाकीवरच होतं. दोघांच्या बाकीत ६ चा फरक असेल तर समोरासमोरचे, म्हणजे भांडणाचे: उंदीर (४) आणि घोडा (१०). फरक ४ किंवा ८ असेल तर मित्र: वाघ, घोडा, कुत्रा.

या समजुती किती मनावर घ्यायच्या

माझं मत विचाराल तर जपानचा एक आकडा पाहून ठरवा. २०२६ हे अग्निघोड्याचं वर्ष आहे, त्याआधीचं १९६६ चं. जपानात त्याला ‘हिनोए-उमा’ म्हणतात. या वर्षी जन्मलेली मुलगी तापट निघते आणि नवऱ्याला खाते, अशी तिथली जुनी समजूत. तिचं नातं एदोतल्या (म्हणजे जुन्या टोकियोतल्या) ओशिची नावाच्या मुलीशी लावतात, जिला आग लावल्याबद्दल १६८३ मध्ये देहदंड झाला. १९६५ साली जपानात सुमारे १८.२ लाख मुलं जन्मली. १९६६ मध्ये १३.६ लाख. पुढच्या वर्षी पुन्हा १९ लाखांवर. एका घोड्यामुळे साडेचार लाखांचा खड्डा, तोही बुलेट ट्रेन धावू लागलेल्या देशात. मंगळाच्या मुलीचं स्थळ परत पाठवणाऱ्यांनी यावर हसू नये.

उलट बाजूलाही तेच घडतं. ड्रॅगन भाग्याचा, म्हणून त्या वर्षी मूल व्हावं अशी धडपड असते. चीनमध्ये २०२३ मध्ये ९०.२ लाख जन्म झाले, ड्रॅगनच्या २०२४ मध्ये ९५.४ लाख.

गप्पांत वापरायची पद्धत

चिनी माणसाला वय थेट विचारण्यापेक्षा ‘तुम्ही कोणत्या प्राण्याचे?’ हे विचारणं सोपं. उत्तर ‘घोडा’ आलं की १९६६, १९७८, १९९० यांतलं काय शोभतं ते चेहऱ्यावरून ठरवायचं, बारा वर्षांची चूक सहसा होत नाही. समोरचा व्हिएतनामी असेल तर ‘ससा’ म्हणू नका, त्यांच्याकडे त्या जागी मांजर आहे आणि बैलाच्या जागी म्हैस. जपानी असेल तर डुकराचं रानडुक्कर होतं आणि वर्ष आता १ जानेवारीलाच बदलतं, म्हणजे माझी मामेबहीण टोकियोत घोडाच ठरली असती. ही पळवाट मी तिला अजून सांगितलेली नाही.

हे सगळं जवळून पाहायचं तर बीजिंगलाच जायला हवं असं नाही. मुंबईत माझगावला, डॉकयार्ड रोड स्टेशनपासून चालत जाता येईल अशा नवाब टँक रोडवर, सी यिप नावाचं छोटं चिनी देऊळ आहे. वरच्या मजल्यावर क्वान कुंग या योद्धा देवाची मूर्ती. चिनी नववर्षाला शहरातली उरलीसुरली चिनी कुटुंबं तिथे उदबत्त्या लावायला येतात. कालनिर्णयात ती अमावास्या शोधा आणि आदल्या संध्याकाळी जा.